रमोंतवर रिकाम्या पाठीने

एदविज पेराशोंला कुणी ‘नको’ म्हटलं की ती हटकून तेच करणार, हे मोंतार्दे गावातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. तरीही लुदोविकने त्या मंगळवारी, गावच्या सहकारी वाइन-तळघरात पिंपावर नकाशा पसरून, तोंड उघडलंच.

“मादाम पेराशों, यंदा शर्यतीतून रमोंतचा चढ गाळू या.”

“गाळू या म्हणजे?”

“म्हणजे खालच्या रस्त्याने जाऊ. बावीसचे एकवीस किलोमीटर होतील. कुणाच्या लक्षातही येणार नाही.”

“माझ्या येईल की. मी काय मेलेय?”

लुदोविक गावच्या शाळेत मास्तर, आणि दोन वर्षांपासून शर्यत समितीचा अध्यक्ष. माणूस गुणी, पण भिडस्त. त्याने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि मग गेल्या वर्षीची यादी वाचली. अकरा धावकांनी रमोंतवर शर्यत सोडली होती. कुणाचा पाय मुरगळला नव्हता, कुणाला ऊन लागलं नव्हतं. सगळे धडधाकट. पण वर पोचले ते कमरेतून वाकून, खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ घेऊन. पाठीवरच्या पाण्याच्या पिशव्या उघडल्या तर आत गुलाबी वाळू गच्च भरलेली. एक स्विस गडी तर माथ्यावर बसून हमसून हमसून रडला. मागून कुणीतरी सारखं ‘चल, चल’ म्हणत होतं, एवढंच सांगत राहिला.

“वाऱ्याने भरली असेल वाळू,” एदविज म्हणाली.

“चेन लावलेल्या पिशवीत?”

तिने पेल्यातली उरलेली वाइन संपवली.

रमोंत या शब्दाचा अर्थच मुळी ‘पुन्हा वर नेणं’. फ्रान्समधल्या बोजोलेच्या या टेकड्यांवर माती म्हणजे नुसता भुगा झालेला गुलाबी दगड. हिवाळ्याच्या पावसात ती मळ्यातून घसरते आणि तळाच्या बांधाशी साचते. मग मार्चमध्ये, वेलींना डोळे फुटायच्या आत, ती पाठीवरच्या वेताच्या टोपलीत भरून पुन्हा माथ्यावर न्यायची. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा खाली, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा वर. मळे गढीवाल्या जमीनदारांचे, पण हे काम बायकांचं. यंत्रं आल्यावर ते थांबलं, पण म्हातारी माणसं अजूनही त्या चढावर रिकाम्या हाताने जात नाहीत. निदान एक मूठ माती खिशात टाकतात.

“म्हणून मी काय म्हणतो,” लुदोविक चाचरत म्हणाला, “गाळायचं नसेल, तर प्रत्येक धावकाला खाली मातीची छोटी पुरचुंडी देऊ. वर नेऊन ओतायची. लोकांना आवडेल. परंपरा म्हणून…”

“परंपरा!” एदविजने पिंपावर अशी थाप मारली की नकाशा खाली पडला. “माझ्या आईने चौतीस वर्षं गढीवाल्यांची माती वाहिली, मास्तर. मेली तेव्हा पाठ सरळ होईना. सुताराने शवपेटीत पाठीखाली पेंढा भरला, तेव्हा कुठे झाकण लागलं. एकोणीस वर्षांपूर्वी मी ही शर्यत काढली ती कशासाठी? त्या चढावर पेराशोंच्या घरातलं एक माणूस ताठ मानेने, रिकाम्या पाठीने पळावं म्हणून. आणि तुम्ही माझ्याच हातात पुरचुंडी देता?”

लुदोविकने खाली पडलेला नकाशा उचलला. मग त्याने खरं काय ते सांगितलं. रस्ता गढीच्या मालकीचा. गढीवाल्यांचं पत्र आलं होतं: यंदा एकानेही रमोंतवर शर्यत सोडली, तर माथ्याच्या फाटकाला कायमचं कुलूप.

“म्हणजे सगळे वर पोचले पाहिजेत,” एदविज म्हणाली. “शेवटचासुद्धा. ठीक आहे. शेपटाला मी धावते.”

शेपटाचा धावक सगळ्यांच्या मागे राहतो. रस्त्यावर बांधलेल्या खुणेच्या फिती सोडवत जातो, आणि आपल्यामागे कुणी उरलं नाही हे बघतो. नाव धावक, पण काम राखणदाराचं.

रविवारी सकाळी आभाळ निवळलेलं होतं, बोचरा उत्तरवारा सुटला होता. दोनशे सहा माणसं सुटली. त्यांतलं शेवटचं माणूस कोण असणार यावर गावात पैजा लागायचंही कारण नव्हतं. ओनोरे. वय चौऱ्याहत्तर, जन्मभर याच टेकड्यांवर सायकलवरून टपाल वाटलेला, आणि शर्यतीत दरवर्षी इमानाने शेवटचा.

“तुझ्यासारखी बाई मागे लागलीय म्हटल्यावर पळायलाच हवं,” तो पहिल्या वळणावरच धापा टाकत म्हणाला.

“तोंड कमी चालव, पाय जास्त.”

“चाळीस वर्षांपूर्वी लागली असतीस तर थांबलो असतो गं.”

“चाळीस वर्षांपूर्वी पण तू शेवटचाच होतास.”

असं करत करत ती दोघं सतराव्या किलोमीटरला रमोंतच्या तळाशी आली. छाटलेल्या वेली जमिनीतून वर आलेल्या मुठींसारख्या उभ्या होत्या. कुठेतरी काड्या जाळल्याचा गोडसर धूर येत होता. बांधावर काटेरी झुडपं पांढऱ्या फुलांनी भरली होती. पुढचे धावक माथ्याआड गेलेले, एकाचाही आवाज नाही. महिनाभर पाऊस नव्हता, तरी वाटेवरची वाळू ओली आणि गडद दिसत होती.

ओनोरे थांबला. वाकला. तळाच्या ढिगातून मूठभर माती घेऊन त्याने खिशात टाकली.

“टाक ती,” एदविज म्हणाली.

“माझी आजी इथेच…”

“माझी आईसुद्धा. टाक म्हणते ना!”

त्याने टाकली. शहाणा माणूस, पण एदविजपुढे कुणाचं काय चालतंय?

पहिली शंभर पावलं नीट गेली. एदविजने एक फीत सोडवली, दुसरी सोडवली. तिसऱ्या फितीशी तिला वेताची कुरकुर ऐकू आली. टोपलीतला भार एका खांद्यावरून दुसऱ्यावर सरकला की येते तशी. तिने मागे पाहिलं. वाट रिकामी होती.

पिशवीच्या पट्ट्या खांद्यात रुतायला लागल्या. तिने पिशवी उतरवून चेन उघडली. गुलाबी वाळू, काठोकाठ, गार. तिने ती तिथेच उपडी केली, वर दोनदा झटकली.

“जा, आलीस तिथे परत,” ती वाळूला म्हणाली आणि पुन्हा चालू लागली.

दहा पावलांत पिशवी पुन्हा भरली. तिने पुन्हा उपडी केली. ओनोरेची केली. पुन्हा स्वतःची. ओनोरेचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि कमरेतून तो काटकोनात वाकला होता. त्याला सरळ होता येईना.

“एदविज, पाया पडतो तुझ्या. एक मूठ उचल. मीही उचलतो. सोडतील आपल्याला.”

“नाही.”

“मग मी इथेच बसतो. माझ्याच्याने होत नाही.”

“तू बसलास तर फाटकाला कुलूप लागेल, ओनोरे. मग त्या चढावर ताठ चाललेलं माणूस कधीच कुणाला दिसणार नाही. आहे का मान्य?”

तो रडवेला झाला, पण बसला नाही. तिने त्याच्या काखेत हात घातला. आता मागून दम लागल्याचे आवाज येत होते. एकाचे नव्हते, आठ-नऊ जणींचे. लाकडी बुटांचे जड, कडक ठोके पडत होते. एदविजने पुन्हा मागे पाहिलं. वाटेवर कुणीच नव्हतं. पण ओल्या वाळूत खळगे पडत होते, एकापुढे एक, टाचेकडे उथळ आणि चवड्याकडे खोल. भार घेऊन चढणाऱ्याचं पाऊल असंच उमटतं.

“चल,” कुणीतरी म्हणालं. पुरुषाचा आवाज, अगदी कानाशी. “चल. चल.”

हा मुकादमाचा आवाज. तिने तो कधी ऐकला नव्हता, पण आई झोपेत ज्याला ‘हो, चालते’ म्हणायची, तो हाच असणार.

आणि मग त्या धापांमध्ये तिला एक ओळखीचा आवाज आला. दोन बारीक खोकले आणि मधे जीभ टाळूला लावल्याचा चट्. तिची आई, फिलिबेर्त पेराशों, जड काहीही उचलताना तसंच करायची. मग ती पाण्याची बादली असो, नाहीतर नातवंड.

एदविजने ओनोरेला आणखी घट्ट धरलं. भीती वाटली, खोटं कशाला सांगा. पण भीतीच्या पाठोपाठ असा संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी यावी. मरून सव्वीस वर्षं झाली, तरी बाईला अजून माती वाहायला लावताहेत!

ती चढाकडे पाठ करून उभी राहिली आणि छाती भरून ओरडली,

“टोपल्या टेका गं बायांनो! सूप तयार आहे! जेवायला चला!”

धापा थांबल्या.

बुटांचे ठोके थांबले.

मग एक टोपली खाली टेकल्याचा आवाज. मग दुसरी. एकामागून एक, खालपर्यंत.

“चल,” पुरुषाचा आवाज म्हणाला.

कुणी हललं नाही.

ओनोरे हळूहळू सरळ झाला. पाठीचे मणके एकेक करून वाजले. पण त्याचा चेहरा मघापेक्षा जास्त उतरला होता.

“काय बोललीस तू हे, कळतंय का तुला?” तो कुजबुजला. “ती हाक घरच्या मालकिणीनेच द्यायची असते. आणि जिने हाक दिली, तिने जेवायला घालायचं. टाळता येत नाही.”

“मग घालीन,” एदविज म्हणाली. “टाळायचंय कुणाला?”

दोघं माथ्यावर पोचली ती चक्क पळत. फाटकाशी लुदोविक घड्याळ हातात धरून उभा होता. ओनोरेला ताठ बघून त्याने मास्तरकी विसरून आरोळी ठोकली.

“दोनशे सहा! सगळे आले! मादाम पेराशों, एकानेही सोडली नाही!”

“सांगा गढीवाल्यांना,” ती म्हणाली. “कुलूप स्वतःच्या तोंडाला लावा म्हणावं.”

मग लुदोविकची नजर तिच्या खांद्यावरून खाली गेली. मधल्या वाटेवर मातीचे नऊ ढीग होते, सारख्या अंतरावर, प्रत्येक एका टोपलीभर.

“ते तुम्ही…?”

“नाही,” ओनोरे घाईने म्हणाला आणि त्याला हाताला धरून वाइनच्या टेबलाकडे घेऊन गेला.

एदविजने दिला शब्द मोडला नाही. संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हाच, तिने मोठ्या पातेल्यात कांद्याची पात, बटाटे आणि खारवलेलं डुकराचं मांस घालून सूप केलं. टेबलावर नऊ वाडगे मांडले, मधे एक अख्खा पाव, आणि पावाशेजारी आईची घडीची सुरी मिटून ठेवली. मांडताना तिला आपलंच हसू आलं. म्हातारपणी खुळावलीस, असं ती मोठ्याने म्हणाली आणि वर जाऊन झोपली. पाय इतके दुखत होते की पडल्या पडल्या डोळा लागला.

सकाळी पातेलं तळापर्यंत पुसलेलं होतं. नऊही वाडगे कोमट होते. पावाचे चार कण उरले होते आणि खुर्च्यांखाली गुलाबी वाळू सांडली होती. सुरी टेबलावर उघडी पडली होती.

आई सांगायची, मळ्यात जेवण कधी संपलं हे मुकादम ठरवायचा. त्याने आपली सुरी खट्‌कन मिटली की बायकांनी घास तोंडात असला तरी उठायचं, टोपली पाठीला लावायची. घरात तो मान घरच्या मालकाचा. सुरी मिटेपर्यंत कुणी टेबलावरून उठत नाही.

एदविज उघड्या सुरीकडे बराच वेळ बघत उभी राहिली. ती मिटली की सगळ्या उठतील, हे तिला कळत होतं. उठून कुठे जातील, तेही कळत होतं.

“खा गं सावकाश,” ती रिकाम्या खुर्च्यांना म्हणाली. “कुणी उठवत नाही तुम्हाला.”

सुरी तशीच ठेवून ती पाव आणायला बाहेर पडली.

रमोंत आता हलका झालाय. परवा ओनोरे एकटाच जाऊन आला, हात खिशात घालून, शीळ घालत. एदविज मात्र स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवते, कारण बसायला जागा नसते. तिच्या घरात दुसरं माणूस नाही. पूर्वी तिला दोन दिवसांना एक पाव पुरायचा. आता पाववाली बाई रोज सकाळी चार पाव बाजूला काढून ठेवते आणि काही विचारत नाही. पण दाराशी आणखी लाकडी बूट वाजले, म्हणून सोमवारपासून एदविज पाच मागते.