वादळातली हजेरी

दुपारनंतर वादळ धडकणार, असं भोंग्यावरून सांगत गाडी फिरून गेली, तेव्हा बारकी बर्फाच्या कारखान्यातून निघाली ती थेट काकांच्या घरी. नावाची बारकी, वयाने तिशी ओलांडलेली. तिच्या स्वतःच्या खोलीवर पत्रे होते, आणि पत्र्यांचा भरवसा नव्हता. एरवी ती त्या घराची पायरी चढली नसती.

घर पक्क्या भिंतींचं. खिडक्यांना आतून फळ्या ठोकलेल्या. वीज गेली तसा भर दुपारी आत काळोख झाला. शेजारच्याचा श्वास ऐकू यावा, पण तोंड दिसू नये, असा.

त्या घराची एक रीत होती. वादळात दिवा लावायचा नाही. कंदील कलंडून एकदा आग लागली होती. त्याऐवजी घरातल्या थोरल्याने अधूनमधून वयाप्रमाणे एकेकाला हाक मारायची आणि ज्याने त्याने "आहे" म्हणायचं. काका हाक मारत होते. त्यांचा मुलगा, म्हणजे बारकीचा दादा, "आहे." वहिनी, "आहे." बारकी दात आवळून, "आहे." शेवटी दादाची पोर चिंगी, तिचं आपलं किंचाळून, "आहे!"

बाहेर वारा भिंतींना धडका देत होता. मग एकाएकी थांबला. वादळाचा डोळा माथ्यावर आला की असंच होतं. सगळं गप्प. हे गप्प खरं नसतं. थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने येतो.

"आजोबा, तुमच्या वादळाची गोष्ट सांगा ना," चिंगी म्हणाली.

काकांना तेवढंच हवं होतं. "अगं, तेव्हाही असंच! दार फुटायला आलेलं. मी पाठ लावून उभा राहिलो. हललो नाही. आणि घरातले वाचले किती? सगळे! एकूण एक!"

बारकीची कानशिलं तापली. "सगळे?"

"झालं, सुरू झालं हिचं," काका म्हणाले.

"वन्सं, पोरीसमोर कशाला..." वहिनी पुटपुटली.

"पोरीलाच कळू दे. चिंगे, तेव्हाही वारा असाच थांबला होता. तुझ्या आजोबांनी माझ्या आईला सांगितलं, संपलं वादळ, होडीचं इंजिन ठेवतो ती खोली उघडी राहिलीय, कुलूप घालून ये. ती गेली आणि वारा उलटला. दारापर्यंत परत आली होती ती, दार ठोठावत होती. मी लहान होते, पण बहिरी नव्हते. हे पाठ लावून उभे होते ना, ते नुसत्या वाऱ्यासाठी नव्हे!"

"तुझी आई हट्टी होती. आपल्या पायांनी गेली."

"मग नाव घ्या तिचं! गोष्टीत घेत नाही, निदान हजेरीत घ्या. इतक्या वर्षांत एकदा तरी!"

"मेलेल्यांची हजेरी?" काका हसले. "घेतो की. होऊ दे तुझं समाधान." घरात तिच्या आईला सगळे धाकटी म्हणायचे. काकांनी शाळामास्तरासारखा आवाज काढला. "धाकटीऽ!"

"आहे."

दारापलीकडून. आवाज शांत होता, जरा दमलेला. दाराखालून खाऱ्या चिखलाचा वास आत आला.

"शेजारची कोणी असेल..." दादा म्हणाला, पण जागचा हलला नाही.

बारकी चाचपडत दारापाशी गेली.

"उघडू नकोस!" काका ओरडले.

तिने कडी काढली. दार ओढलं. ते आत उघडणारं दार, हलेना. बाहेरून कोणीतरी ते घट्ट धरून ठेवलं होतं. आणि बाहेरून हजेरी सुरू झाली.

आता हाक मारणारे काका नव्हते, म्हणजे पहिली हाक थोरल्याला, काकांनाच, यायला हवी होती. ती आली दादाला. दादाच्या तोंडून आपसूक "आहे" निघालं. मग वहिनीला. मग, "बारके..." अशी हाक तिने लहानपणीच ऐकली होती, पुन्हा कधी नाही. तिला वाटलं होतं, आता रडू येईल. आला तो रागच. "आहे," ती म्हणाली. मग चिंगीला. चिंगीचं नाव त्या बाईला कोणी सांगितलं होतं?

"आणि मी?" काका दाराकडे सरकले. "मी राहिलो... मी आहे. धाकटे... आहे मी..."

बाहेरून त्यांच्या नावाची हाक आली नाही. मग वारा उलटला, आणि त्या गोंगाटात काका "आहे, आहे" म्हणत राहिले.

वादळ सरल्यावर दार नुसत्या बोटाने उघडलं. उजेड आत आला. पाण्याचे डबे घेऊन मदतकेंद्राचा माणूस उंबऱ्यात येऊन उभा राहिला. डोकी मोजून डबे देत होता. दादा, वहिनी, चिंगी, बारकी, असं बोट फिरवत त्याने मोजलं. "चौघंच ना?"

बारकीने काकांकडे पाहिलं. मग डबे घ्यायला हात पुढे केला.

"अरे, मलाही मोज की!" काका म्हणाले.

तो माणूस दचकला. वळला, आणि रिकाम्या रस्त्याकडे पाहू लागला.

"बाहेर कोण बोलतंय?"

काका त्याच्या हाताच्या अंतरावर बसले होते.