फुटक्या बशांचं घर

स्वयंपाकघरात टिणकन आवाज झाला आणि सकाळची शांतता मोडली. केराल्त वळली. ब्रुनाचा निळा कप फरशीवर फुटून पडला होता. तिची चार वर्षांची लेक तर पलीकडच्या खोलीत मुटकुळं करून झोपलेली. कपाला हात कोणाचाच लागला नव्हता.

केराल्तनं तुकडे पिशवीत भरले. फुटकं फेकायचं नाही, हा तिच्या धंद्याचा नेम.

बार्सिलोनाच्या संग्रहालयात ती एक जुनं भित्तिचित्र दुरुस्त करत होती. फुटक्या बशा-फरशांचे तुकडे चुन्यात बसवून केलेली बाग, आणि बागेत एक घर. घराचेच तुकडे गळले होते. रविवारच्या आत काम पुरं झालं तर नोकरी कायम. नाहीतर भाड्याची जागा सोडून, लेकीला घेऊन ओलोत गावी आईच्या दारात. पण आपल्या हातांवर तिचा भरवसा होता.

कपाचा तुकडा तिनं सहज एका खळग्यात ठेवून पाहिला. काठाला काठ मिळाला. पकडीनं कातरावाही लागला नाही.

"आपण कातालान माणसं काटकसरी," शेजारी काम करणारा म्हातारा एउदाल्द हसला. "फुटका कपही वसूल करतो. पण पोरी, नवा तुकडा नवाच दिसायला हवा हं, दुरुस्ती ओळखू यायला हवी."

तिनं तुकडा उलटा केला. मागे काळपट, जुना चुना घट्ट बसला होता. कप तर तिनं गेल्या उन्हाळ्यात घेतलेला. आपल्याच हातांचा चुना लागला असेल, असं म्हणून तिनं तो बसवला.

मग तिच्या घरातला वाडगा तडकला. मग बशी. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी बसत गेला. चित्रातल्या घराला खिडकी आली. खिडकीत ओटा, ओट्यावर टोमॅटो चोळलेला पाव, ब्रुनाला रोज सकाळी लागतो तसाच.

शनिवारी ब्रुनाच्या पलंगाखालची फरशी आपसूक निखळली.

केराल्त जरा घुटमळली. झोपलेल्या लेकीच्या मानेवरचे घामेजले केस तिनं मागे सारले.

मग फरशी पिशवीत घातली.

खळगा एकच उरला होता. तो भरला.

नोकरी कायम झाली. रविवारी तिनं ब्रुनाला चित्र दाखवलं. ब्रुना खुदकन हसली. निघताना मात्र हमसून हमसून रडली.

घरी येऊन दोघी जेवायला बसल्या. ब्रुनानं घास घेतला नाही. ती भिंतींकडे पाहत राहिली, परक्याकडे आल्यासारखी अंग चोरून. मग तिनं हळूच केराल्तची बाही ओढली.

"आई, आपण घरी कधी जायचं?"