पाचवं प्रूफ

अक्षरांतली सगळ्यात बारीक रेषा अर्ध्या मिलिमीटरचीही नव्हती. तिने भिंगाखाली पट्टी धरून ती तीनदा मोजली. चौथ्यांदा मोजायला घेतली, तेवढ्यात पाटीवाला म्हणाला, "अहो, रेषा पळून जात नाहीये."

"पळत नाहीये, पण दिसतही नाहीये."

ती पाणी तपासणारी. दहा वर्षं दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत राबल्यावर स्वतःची काढायची, म्हणून महिन्यापूर्वी ती या दुकानात पाटी करायला आली होती. भिंतीवरचे सगळे फॉन्ट बघून तिने नेमकं ह्याच्यावर बोट ठेवलं. उभ्या दांड्या खांबासारख्या जाड, आडव्या रेषा केसाएवढ्या, आणि अक्षरांच्या टोकांना घट्ट रोवलेल्या छोट्या टाचा. तो फॉन्ट त्याने स्वतः आखलेला होता. त्याचे कान लाल झाले होते, हे तिने टिपलं होतं.

प्रूफावर, म्हणजे कागदी नमुन्यावर, गिऱ्हाइकाची सही झाल्याशिवाय तो पत्र्याला हात लावत नसे. आणि तिची सही काही होत नव्हती. दर खेपेला तेच... "जरा लहान करता येईल?"

आज मात्र सुटका नव्हती. मावशीने रस्त्याकडची खोली तिच्या प्रयोगशाळेसाठी आजपर्यंतच धरून ठेवली होती. उद्या ती शिवणवर्गवाल्या बाईंना जाणार. राजीनामा पर्समध्ये होता, उघडून-मिटून मऊ झालेला. दादा म्हणाला होता, "चांगली चालती नोकरी सोडून हे काय खूळ?" आणि मावशी म्हणाली होती, "तुला पाण्यातले जंतू बरे दिसतात गं, समोरचा माणूस दिसत नाही."

त्याने आधीची चारही प्रूफं आणली आणि पाचव्याशेजारी जमिनीवर ओळीने पसरली. सहा फूट, चार, अडीच, दीड... आणि हे वीतभर.

"पुढच्या खेपेला पाटी तुमच्या पर्समध्ये मावेल."

ती हसली आणि हसता हसता तिची नजर त्या उतरत्या ओळीवरून गेली. आलेख वाचता येत होता तिला. हा तिच्याच धीराचा होता.

"हा फॉन्ट लांबून हाक मारायला केलाय," तो म्हणाला. "पाटी, मथळा, नाटकाचं पोस्टर. लहान केला की बारीक रेषा विरतात, नुसते खांब उरतात. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"मग का नाही सांगितलंत?"

तो नखाने टेबलाची कड खरवडत राहिला. "सांगितलं असतं, तर... तुम्ही एकदाच आला असता."

पंख्याने सहा फुटी कागदाचा कोपरा उचलला. तिने तो तळव्याने दाबून धरला. दुसऱ्या हाताने पेन उचललं. सही वाकडी आली, पण झाली.

"हीच करा. पहिली," ती म्हणाली. "नोकरी मी आज सोडतेय. आणि संध्याकाळी माझ्याबरोबर मावशीकडे चला."

"दार मोजायला?"

"नाही. मोजून झालंय सगळं. मला तुम्ही हवे आहात — हे तिला सांगायला."