री ओढणारी डबी

पहिल्या भेटीत ती त्याला सगळ्यात आधी म्हणाली, "पाय उचला!"

वाद्यांच्या दुकानाचं पुढचं दार सोडून तो चुकून मागच्या, दुरुस्तीच्या खोलीत शिरला होता; आणि ती तासभर शोधत होती तो स्क्रू नेमका त्याच्या बुटाखाली होता. पाठीवर जुनी गिटार, हातात साबणाच्या वडीएवढी निळी डबी.

"ही मुकी झालीय."

"डिले पेडल! गिटारच्या सुराला प्रतिध्वनी देणारी डबी. कधीपासून रुसलीय?"

"कालपासून. पण मी काही बोललो नाही हो तिला!"

ती हसली आणि तिथेच… असो. देवाच्या मनात आलं की तो स्क्रूलाही कामाला लावतो.

आतली एक तार सुटली होती. डाख दिला, दहा मिनिटांत डबी बोलू लागली. पण डबी जुनी विकत घेतलेली. तिची बटणं समजून घ्यायला त्याला चार दुपारी लागल्या.

"पहिलं बटण, सुराचं उत्तर किती वेळाने यावं. दुसरं, किती वेळा यावं. तिसरं, किती मोठ्याने; ते शेवटपर्यंत नेलं तर मूळ सूर बंद, नुसतं उत्तर."

"आमच्या आत्याला बसवता येतील का हो ही? निदान दुसरं तरी?"

पहिलं बटण कमी केलं की सूर न्हाणीघरात घुमल्यासारखा वाटे. वाढवलं की दरीपलीकडून कुणी ओ दिल्यासारखा. गाणाऱ्याने ओळ टाकावी, मागच्यांनी ती झेलून गोड री ओढावी, अगदी तसं! वाजता वाजता बटण फिरवलं तर सूर घसरगुंडीवरून थेट खाली यायचा आणि दोघं पोट धरून हसायची.

"काय गं," पुढच्या दुकानातून तिचे वडील, अण्णा, ओरडत, "ती डबी अजून आजारीच?"

पाचव्या दुपारी तो बॅग घेऊनच आला. संध्याकाळी प्रवासी बोट सुटणार होती. सहा महिने तो त्या बोटीवर गिटार वाजवणार होता. पहिल्याच दिवशी त्याने हे सांगितलं होतं. तिने ते मनाच्या कोपऱ्यात ढकलून दिलं होतं, इतकंच.

"निघतो मग…"

"थांबा, जास्तीची बॅटरी देते." डोळे लपवायला ती कपाटामागे गेली.

त्याने गिटार मांडीवर घेतली, डबी चालू केली, तारांवर वाकला आणि स्वतःशीच पुटपुटला. कोपऱ्यातल्या स्पीकरमधून आवाज आला…

"तुला सोडून जाववत नाही गं… नाही गं… नाही गं…"

तो दचकला. ती बॅटरी हातात घेऊन समोर उभी.

"तारांखालचा, सूर पकडणारा पिकअप जुना झाला की त्याला बोललेलंही ऐकू जातं," ती हळूच म्हणाली. "सांगायचं राहिलंच. पण आपण तर अहो-जाहो करतो… ही 'गं' कोण?"

"गि… गिटार!"

"ती तर तुमच्या पाठीवर बसून जाणार आहे."

त्याचे कान लालेलाल.

मग तिने पहिलं बटण शेवटपर्यंत फिरवलं, तिसरंही… आता मूळ आवाज बंद, फक्त उत्तर ऐकू येणार. ती तारांशी झुकली. त्याला नुसते ओठ हललेले दिसले. एक क्षण शांत… अजून शांत…

"लवकर ये… ये… ये…"

त्याने दुसरं बटण वाढवलं. "ये… ये… ये…" थांबेचना. उलट वाढतच गेलं, खोलीभर झालं.

"आलो, आलो!" चष्मा पुसत अण्णा दारात हजर. "किती हाका मारशील? काय हवंय?"

तिने पटकन बटण खाली आणलं. चेहरा कुठे लपवावा ते तिला कळेना.

तो उभा राहिला, गिटार तशीच छातीशी. "अण्णा… हाक तुम्हाला नाही. मला आहे."

अण्णांनी चष्मा चढवला. लेकीकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, निळ्या डबीकडे पाहिलं.

"मग नुसते बघत काय राहिलात? ओ द्या की!"

"ओ," तो म्हणाला.

आणि क्षणभर थांबून डबीनेही…

"ओ… ओ… ओ…"