बुजवलेली चाकोरी

साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. हिवाळा सरत आलेला, फेब्रुवारीचा पहिला आठवडा. तळ्याकाठच्या सरकारी माळावर सहलीला येणाऱ्यांनी मोटारसायकली घालून गवताचं मातेरं केलं होतं.

"पुन्हा चाकोरी दिसली तर उद्यापासून घरी बसा, काका," साहेबांनी सुनावलं.

"घरी सून बसू देईल होय? बुजवतो," म्हातारा रखवालदार म्हणाला.

बुजवायची रीत ठरलेली. चाकोरीत काटेरी फांद्या टाकायच्या, वर पाचोळा पसरायचा, आणि उलट्या पावलांनी मागे सरत दाताळ्याने आपलेच ठसे पुसायचे. ही रीत जोडीच्या रखवालदाराने शिकवलेली. कुणाच्या तरी शेकोटीने माळ पेटला, त्या वर्षी धुरात कोसळलेल्या म्हाताऱ्याला याच जोडीदाराने पाठुंगळी घेऊन फाटकाबाहेर आणलं. मग "आत अजून कुणीतरी खोकतंय" म्हणून परत आत गेला. तो सापडलाच नाही. ते उपकार म्हाताऱ्याच्या डोक्यावर तसेच होते.

काम उरकलं तेव्हा दिवस मावळत होता. तळ्यावरून धुकं चढलं. म्हातारा वळला आणि थबकला. जन्म गेला या माळावर, पण फाटक कुठल्या बाजूला ते कळेना. डावीकडे गेला तर तळं. उजवीकडे गेला तर पुन्हा तळंच. अशी कशी भूल पडली?

फांद्यांआड कुणीतरी खोकलं. जळक्या गवताचा वास आला.

"गड्या... वाट कुठं नेलीस रे?"

आवाज ओळखीचा होता. 

"बुजवली," तो कसाबसा म्हणाला. "मलाच सापडत नाही आता."

"मला बाहेर पडायचंय रे... पाय उचलत नाहीत..."

पळावं असं वाटलं. पण पळणार कुठे? म्हातारा खाली बसला आणि त्याने पाठ पुढे केली.

"ये. बस."

पाठीवर ओझं आलं. ते जड होतं की हलकं, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. कानाशी धाप ऐकू येत होती. तो नुसता चालत राहिला. काटे पोटऱ्या ओरबाडत होते, पायांखाली कधी चिखल लागे, कधी राखेसारखं मऊ काही. अखेर हाताला फाटकाचं गार लोखंड लागलं. त्याने ते ढकललं.

"उतर आता."

ओझं उतरलं. धुक्यातून पावलं रस्त्याने दूर निघाली. म्हातारा कान देऊन ऐकत राहिला.

चालणारी माणसं दोन होती. दुसरं अजून खोकत होतं.

उपकार फिटले.