पाळण्याचा चौथा पाय

अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर देवमनची शेड होती. पाडलेल्या घरांचं सागवान आणायचं, खिळे उपटायचे, रंधा मारायचा आणि त्यातून दिवाण, टेबलं, झोपाळे घडवायचे, हा त्याचा धंदा. पुण्याची गिऱ्हाइकंसुद्धा फोटो पाहून माल मागवायची. स्वस्थ बसणं या माणसाच्या अंगातच नव्हतं. जेवतानाही त्याचा हात ताटाच्या कडेवरून पॉलिश मारल्यासारखा फिरायचा.

लेक शालू पहिल्या बाळंतपणाला चांदूर रेल्वेहून माहेरी आली आणि देवमननं सगळी कामं बाजूला सारून पाळणा करायला घेतला. चार पायांवर उभा, मधे झुलणारा. लाकूड कापसाच्या एका जुन्या जिनिंग कारखान्याच्या खांबाचं, इतकं वाळलेलं की ठोकलं तर खणखण वाजायचं.

सुतारकामात एक रीत आहे. झाडाच्या बुंध्याकडची बाजू खाली, शेंड्याकडची वर, मग तो खांब असो की खाटेचा पाय. जुन्या लाकडात ते डोळ्यांना कळत नाही, म्हणून तुकडा पाण्याच्या टाक्यात सोडायचा. बुंध्याकडचं टोक जड, ते खाली झुकतं. देवमननं चारही पाय असे पाहून घेतले होते. पण चौथ्याच्या वरच्या टोकाला खिळ्यांची भोकं निघाली. नातवाच्या पाळण्यावर भोकं दिसणार, हे त्याला खपेना. ती खाली जावीत म्हणून त्यानं तो पाय सरळ उलटा बसवला. बाप असता तर पाठीत रंधा घातला असता. देवमन असलं काही मानत नव्हता, आणि न मानण्याचा त्याला जरा तोराही होता.

दुसऱ्या दिवशी त्या पायाच्या सांध्याला ओल दिसली. चिकट, कोवळ्या फांदीला येते तशी. त्यानं पुसली. दुपारी पुन्हा आली. बाहेर असं ऊन, की ओलं धोतर दोरीवर टाकेपर्यंत वाळावं.

त्याच दिवशी त्याची बायको सत्यभामा शालूला तपासून घेऊन आली ती तोंड पाडूनच.

"बाळ उलटं फिरलं म्हणे. मागच्या खेपेले डोकं खाली होतं, आता पाय खाली हायेत. डॉक्टरीणबाई म्हणे, आता दिवस भरत आले, जपा."

"कवा फिरलं?" देवमननं विचारलं.

"काल दुपारी," शालू म्हणाली. "पोटात असं ढवळलं बाबा, मी भिंत धरून उभी राहिली. तुमी तिकडे ठोकून राहिले होते ना, तवा."

काल दुपारी देवमन चौथाच पाय ठोकत होता.

त्यानं मनाला समजावलं, योगायोग आहे. पण पाय शेडमध्ये ठरेनात. शेवटी त्यानं पाळण्याचा तो पाय उपटला, खाचा नव्यानं पाडल्या आणि बुंधा खाली करून बसवला. मोगरीचा शेवटचा घाव पडला तेव्हा घरातून शालू कण्हल्याचा आवाज आला.

पुढच्या तपासणीत बाळाचं डोकं खाली होतं. सत्यभामेनं येताना पेढे आणले. सांध्याची ओलही गेली होती. देवमन सगळ्यांबरोबर हसला, आणि स्वतःच्या भित्रेपणालाही हसला.

नव्या खाचा जरा वर पाडाव्या लागल्यामुळे तो पाय मात्र खाली बोटभर लांब झाला होता. देवमननं बाकीच्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारल्या आणि पाळण्याला कुणी हात लावायचा नाही, असं बजावलं. शालूनं नेमका हात लावला.

"बाबा, हा डुगडुगून राहिला. लोकायचे दिवाण बरे ठोस करता? मी नाही माह्या लेकराले याच्यात निजवणार."

ते त्याला लागलं. डुगडुगणारी वस्तू त्याच्या शेडमधून आजवर बाहेर गेली नव्हती.

त्यानं करवत घेतली. ठेवली. पुन्हा घेतली.

लाकूड ते लाकूड, तो मोठ्यानं म्हणाला.

पाय बोटभर कापला गेला. कोरड्या सागाचा भुसा उडतो. हा उडाला नाही, बोटांना चिकटला. कोमट होता.

"आई," आतून शालूनं हाक मारली, "कळा सुरू झाल्या वाटते."

सगळं सुखरूप झालं. मुलगी, डोक्याकडून आलेली, खणखणीत रडणारी. डॉक्टरीणबाईंनी तपासून छान आहे म्हटलं. देवमनला इतकं हायसं वाटलं की दवाखान्याच्या बाकावर तो चक्क पाठ टेकून बसला. पाळणा आता दगडासारखा घट्ट उभा होता.

घरी आल्यावर शालूनं लेकीला पाळण्यात निजवलं आणि पायांत मोजे चढवले. डावा मोजा निघाला. तिनं पुन्हा चढवला. तो पुन्हा निघाला.

"बाबा, पाहा ना जरा," ती म्हणाली. "एकाच जोडीचे हायेत, मंग हा एकच काहून ढिला होऊन राहिला?"

देवमननं मोजा हातात घेतला. पायाकडे पाहिलं नाही.