एकट्याच्या वजनाची स्प्रिंग

तो पहिल्यांदा दुकानात आला, तेव्हा त्याच्या कडेवर स्प्रिंग होती. गाडीची, जुनी, गंजलेली. तरी त्याने ती तान्ह्या बाळासारखी धरली होती. आमच्या दुकानात कायम तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. त्यात एकदम व्हॅनिला मिसळला आणि मी मान वर केली. त्याच्या भुवईला पीठ लागलं होतं.

“अशा दोन हव्यात,” तो म्हणाला. “आजोबांची गाडी आहे. पुस्तकात कडकपणा एकशे साठ दिलाय.”

“एकशे साठ काय?”

“पाउंड. म्हणजे... एकशे साठ पाउंड ठेवले, की स्प्रिंग एक इंच दबते.”

“आमच्याकडे न्यूटन आणि मिलिमीटर चालतात.”

“आमच्याकडे पाउंडच. केक कुणी न्यूटनमध्ये मागत नाही.”

म्हणजे हा केकवाला होता. मी हसू दाबलं आणि कॅल्क्युलेटर ओढला. तो काउंटरवर कोपर टेकून माझ्या बोटांकडे बघत राहिला... आणि बोटांना ते कळत होतं.

“गाडीत रोज माणसं किती असतात?” मी विचारलं. “त्यावर उंची ठरते.”

“मी एकटाच. मागे केक.”

ते ‘एकटाच’ ऐकून मला एवढं बरं वाटायचं काही कारण नव्हतं. चालवणारा नेहमी एकटा असेल, तर बाबा त्याच्या बाजूची स्प्रिंग जराशी उंच वळतात, म्हणजे गाडी सरळ बसते. मी चिठ्ठीवर तसं लिहिलं, कडकपणाचा आकडा लिहिला आणि चिठ्ठी बाबांच्या यंत्राजवळ ठेवली. तो गेल्यावरही मी बराच वेळ व्हॅनिला शोधत होते.

नव्या स्प्रिंगा बसवून तो गेला, आणि आठवडा व्हायच्या आत परत आला. या वेळी हातात खोका होता. त्याने झाकण उघडलं. आत क्रीमचा नुसता ढीग.

“हा सकाळी तीन मजली होता,” तो शांतपणे म्हणाला. “गाडी बकरीसारखी उड्या मारते.”

बाबांनी जुनी चिठ्ठी शोधली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “साडेबहात्तर लिहिलंस. मला वाटलं, मालाची गाडी असेल. पोरी, पाउंडाचे किलो केलेस आणि तिथेच थांबलीस. किलोचे न्यूटन कोण करणार? आणि इंचाला तर वाऱ्यावरच सोडलंस. लक्ष कुठे होतं तुझं?”

लक्ष समोरच उभं होतं. माझे कान तापले. मी पुन्हा हिशेब मांडला. पाउंड-इंचाचे न्यूटन-मिलिमीटर करायला एकशे साठ गुणिले शून्य पूर्णांक एक सात पाच... अठ्ठावीस. मी त्याला अडीच पटीहूनही कडक स्प्रिंग दिली होती, आणि हा माणूस आवाजसुद्धा चढवत नव्हता.

“रविवारी लग्नाचा केक पोचवायचाय,” तो म्हणाला. “पाच मजली. त्याचंही असं झालं, तर मला कुणी साधा पाव मागणार नाही.”

“त्याआधी होईल. या वेळी चुकणार नाही.”

बाबांची स्प्रिंग वर्षानुवर्षं टिकते. ती बरोबर झाली, की तो परत कशाला येईल? मला तो यायला हवा होता. रोज हवा होता. हे मला तिथेच, त्या कोसळलेल्या केकपाशी, स्वच्छ कळलं. तरी मी चिठ्ठीवर अठ्ठावीसच लिहिलं.

रविवारी सकाळी स्प्रिंगा बसल्या. “चूक तुझी, तर केक सांभाळायला तूच जा,” बाबा म्हणाले आणि मुद्दाम यंत्राकडे वळले.

मी त्याच्या शेजारी बसले, मागे वळून, एक हात खोक्यावर ठेवून. रस्ता भुरभुर पावसाने ओला झाला होता. पहिला गतिरोधक आला... दोघांनीही श्वास रोखला. गाडी अलगद खाली गेली, अलगद वर आली, आणि पुढे चालू लागली. काचेवरून थेंब ओघळत होते, गाडी तरंगल्यासारखी चालली होती, आणि मला वाटत होतं, लग्नाचं ते घर थोडं लांब असतं तर काय बिघडलं असतं?

केक पाचही मजल्यांसकट टेबलावर गेला. वरचं साखरेचं फूलसुद्धा हललं नव्हतं.

परतताना दुकानासमोर त्याने गाडी थांबवली. खाली उतरला, लांब जाऊन गाडीकडे बघत उभा राहिला. मी आतच होते.

“गाडी तुमच्या बाजूला कललीय,” तो म्हणाला.

मी खिडकीतून डोकावले. “परत चुकलं?”

“तुमचं गणित बरोबर आहे.” तो खिडकीशी आला. भुवईला आजही पीठ होतं. “मी दिलेली माहिती चुकली. एकटाच म्हणालो होतो...”

“मग आता काय म्हणायचंय?”

“दोघं. तुम्ही... तू हो म्हणालीस तर.”

मी हात बाहेर काढला आणि त्याच्या भुवईवरचं पीठ पुसलं. “बाईला वजन विचारायचं नाही, एवढं कबूल असेल तर.”

“कबूल.”

मी दुकानात गेले. बाबा हात पुसत उभे होते.

“बाबा, त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा सारख्या उंचीच्या हव्यात.”

त्यांनी दाराबाहेर एक नजर टाकली. “नेहमीसाठी?”

“नेहमीसाठी.”

“लिही मग चिठ्ठी,” ते म्हणाले. “आकडा मीच तपासतो.”